आकड्यांचा मालक कोण?

संख्येवर कोणाची मालकी असू शकते काय, असा प्रश्न एखाद्या खेड्याच्या चावडीवर कोणी विचारला, तर विचारणाऱ्याच्या डोक्याविषयीच लोकांना शंका येईल. जमिनीला मालक असतो, विहिरीला असतो, बांधावरच्या आंब्यालाही असतो. ज्या कागदावर ही मालकी नोंदली जाते त्याचे नावच मुळी आकड्यांचे आहे: सातबारा, म्हणजे गावनमुना सात आणि गावनमुना बारा. परंतु शेत ज्याचे, तो त्या शेताच्या गट नंबराचाही धनी आहे, असे कोणी मानीत नाही. नंबर ही ओळखीची खूण. ती तलाठ्याने लिहावी, वकिलाने वाचावी, शेजाऱ्याने भांडणात उच्चारावी; तीवर कोणी हक्क सांगत नाही.

आणि तरीही अशाच खुणांवरून लखनौच्या एका प्रकाशनसंस्थेने दिल्लीच्या न्यायालयात दावा लावला, तो देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला, आणि १२ डिसेंबर २००७ रोजी अंशतः जिंकलाही. ह्या दाव्यातील खुणा होत्या न्यायालयीन निकालपत्रांच्या परिच्छेदांना दिलेले क्रमांक. ‘इस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक’ ह्या नावाने हा खटला कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असतो. परंतु त्यातील प्रश्न वकिलांपुरता नाही. ज्या काळात चित्र, गाणे, पुस्तक आणि पैसा ही सारी यंत्राच्या पोटात आकडे होऊनच राहतात, त्या काळात आकड्यावरील मालकीचा प्रश्न घरोघरचा होतो.

लखनौ म्हटले की सामान्य श्रोत्याच्या मनात नबाबी, चिकनचे भरतकाम आणि गोड उर्दू एवढेच येते. तथापि हे शहर छापखान्यांचेही आहे. मुनशी नवलकिशोर ह्यांनी १८५८ साली येथे काढलेल्या छापखान्यातून अरबी, फारसी, उर्दू आणि हिंदी ग्रंथांचा जो ओघ सुरू झाला, त्याने एकोणिसाव्या शतकातील उत्तर हिंदुस्थानचे वाचन घडविले. त्याच शहरात, हजरतगंजापासून जवळ असलेल्या लालबागेत, इस्टर्न बुक कंपनीचे ठाणे आहे. ह्या संस्थेने १९६९ साली ‘सुप्रीम कोर्ट केसेस’ ही निर्णयपत्रिका सुरू केली. वकीलवर्ग तिला तिच्या आद्याक्षरांनी एससीसी म्हणतो. महाराष्ट्रातील वकिलांना ह्या धंद्याचे अप्रूप वाटण्याचे कारण नाही. चितळ्यांचे ‘ऑल इंडिया रिपोर्टर’ नागपुराहूनच निघते आणि त्याच्या जाड पुस्तकांच्या रांगा तालुक्याच्या गावातील वकिलांच्या कचेरीतही दिसतात.

निर्णयपत्रिका म्हणजे काय आणि तिच्यात कष्ट कोणते, हे समजल्यावाचून पुढील वाद कळणार नाही. सर्वोच्च न्यायालय निकाल देते. त्याची प्रत निबंधकाच्या कचेरीतून मिळते. ही प्रत जशीच्या तशी छापली तर ती वाचणे जिकिरीचे होते. जुन्या निकालपत्रांत पानेच्या पाने अखंड मजकूर असे. त्यात घटना, पूर्वीचे दाखले, दोन्ही पक्षांचा युक्तिवाद आणि न्यायमूर्तींचे मत एकमेकांत गुंतलेले असत. संपादक हा मजकूर वाचतो. उल्लेखिलेला दाखला मूळ ग्रंथात ताडून पाहतो. चुकलेले उद्धरण दुरुस्त करतो. ज्या ठिकाणी एक मुद्दा संपून दुसरा सुरू होतो त्या ठिकाणी परिच्छेद पाडतो आणि त्याला क्रमांक देतो. एका परिच्छेदात मागच्या मजकुराचा संदर्भ असेल तर ‘पाहा, परिच्छेद अमुक’ अशी खूण करतो. अनेक न्यायमूर्तींनी पृथक् मते दिली असतील तर कोणाचे मत सहमतीचे, कोणाचे अंशतः असहमतीचे, हे ठरवून तसे शीर्षस्थानी नोंदवतो. सर्वांवर शिरोटीप लिहितो, तिला वकील हेडनोट म्हणतात. तिच्या ठळक शब्दांवरून घाईत असलेल्या माणसाला निकालाचे मर्म क्षणात कळते.

हे सारे कागदावर होते तोवर तंटा नव्हता. एखाद्याने एससीसीचे खंड चोरून छापायचे म्हटले तरी खिळे जुळविण्याचा आणि कागदाचा खर्च त्याला परवडला नसता. संगणक आला आणि हा हिशेब बदलला. तळहाताएवढ्या तबकडीवर कपाटभर खंड मावू लागले. दोन संस्थांनी आपापल्या तबकड्या बाजारात आणल्या. एकीचे नाव ‘ग्रँड ज्युरिक्स’, दुसरीचे ‘द लॉज’. इस्टर्न बुक कंपनीचे म्हणणे असे की, ह्या तबकड्यांतील निकालांचा मजकूर तिच्या संपादित खंडांतून, परिच्छेद आणि त्यांचे क्रमांक ह्यांसह, उचललेला आहे.

प्रतिपक्षाचे उत्तर वरवर पाहता बिनतोड होते. १९५७ चा कॉपीराइट कायदा म्हणतो की न्यायालयाचा निकाल हे शासकीय लेखन होय. आणि त्याच कायद्याचे ५२ वे कलम असेही सांगते की, न्यायालयाने स्वतः मनाई केली नसेल तर निकाल कोणीही छापू शकतो, आणि तो हक्कभंग होत नाही. ही तरतूद फार मोलाची आहे. ज्या कायद्याने माणसाला तुरुंगात जावे लागते, ज्याने त्याचे घर जाते किंवा वाचते, तो कायदा वाचण्यासाठी त्याने कोणा खाजगी मालकाची परवानगी मागावी, ही कल्पनाच अन्यायाची आहे. तेव्हा निकाल सर्वांचा. मग सर्वांच्या मालकीच्या मजकुरात कोणी एक, दोन, तीन असे आकडे घातले, तर तो मजकूर त्याचा कसा झाला? एक आणि दोन हे आकडे तर त्याने शोधलेले नाहीत!

दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायपीठाने २००१ मध्ये अंतरिम मनाई नाकारली. खंडपीठाने शिरोटिपा, तळटिपा आणि संपादकीय टिप्पण्या उचलण्यास मनाई केली, पण निकालाच्या संपादित मजकुरावर हक्क मान्य केला नाही. प्रकरण वर गेले. न्यायमूर्ती बी. एन. अग्रवाल आणि न्यायमूर्ती पी. पी. नावलेकर ह्यांच्यासमोर त्याची सुनावणी झाली. निकाल नावलेकरांनी लिहिला.

ह्या निकालाला जगभरच्या एका जुन्या वादाची पार्श्वभूमी आहे. इंग्रजी परंपरा अशी की, ज्याने घाम गाळला त्याला फळ मिळावे. १९१६ साली लंडन विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिकांच्या खटल्यात इंग्लंडच्या न्यायालयाने सांगितले की, कृती मूळची असणे म्हणजे तिच्यातील विचार अपूर्व असणे नव्हे. ती दुसऱ्याकडून उतरून घेतलेली नसली म्हणजे पुरे. ह्या न्यायाने कष्टाने जमविलेली कोणतीही यादी संरक्षणास पात्र ठरत असे. अमेरिकेने १९९१ मध्ये हा न्याय मोडीत काढला, आणि तोही आकड्यांच्याच खटल्यात. कॅन्सस राज्यातील एका ग्रामीण टेलिफोन कंपनीने आपल्या ग्राहकांची नावे, गावे आणि दूरध्वनी क्रमांक ह्यांची वर्णानुक्रमे सूची छापली होती. फाइस्ट नावाच्या दुसऱ्या प्रकाशकाने मोठ्या प्रदेशाची सूची काढताना तीतून नोंदी घेतल्या. त्याच्या ४६,८७८ नोंदींपैकी १,३०९ हुबेहूब तशाच निघाल्या. आणि मौज अशी की, चोर पकडण्यासाठी मूळ कंपनीने मुद्दाम घातलेल्या चार खोट्या माणसांची नावेही त्यांत होती! नक्कल सिद्ध झाली, तरी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दावा फेटाळला. क्रमांक ही वस्तुस्थिती आहे, वर्णानुक्रम ही रूढी आहे. दोहोंत प्रतिभेचा लवलेश नाही, आणि घाम हे प्रतिभेचे प्रमाणपत्र नव्हे, असे ते म्हणाले. त्यानंतर २००४ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने मधली वाट धरली: प्रतिभा नको, पण केवळ घामही पुरणार नाही, कृतीत कौशल्य आणि सारासार विचार दिसला पाहिजे. तो खटलाही निर्णयपत्रिकांविषयीचाच होता.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ही मधली वाट पत्करली आणि तीत किमान सर्जनशीलतेची एक अट घातली. ह्या मापाने एससीसीच्या संपादनातील एकेक काम तोलले गेले. छपाईच्या चुका सुधारणे, दाखल्यांचे अपुरे संदर्भ पुरे करणे, संक्षेप एकसारखे करणे, ही कामे कष्टाची आहेत खरी, पण नियमाने होणारी आहेत. त्यांवर हक्क नाही. परंतु लांबच लांब मजकूर वाचून, मुद्दा कोठे बदलतो हे ओळखून परिच्छेद पाडणे, त्यांना क्रमांक देऊन आतले संदर्भ जुळविणे, आणि न्यायमूर्तींच्या मतांची सहमती वा असहमती ठरविणे, ह्याला कायद्याचे ज्ञान आणि निवड करण्याची बुद्धी लागते. तेवढ्यापुरता हक्क मान्य झाला. प्रतिपक्षाने तबकड्या खुशाल विकाव्यात, मूळ निकाल घ्यावेत, स्वतःच्या शिरोटिपा लिहाव्यात. परंतु लखनौच्या संपादकांनी पाडलेले परिच्छेद आणि केलेले मतांचे वर्गीकरण वापरू नये, असा आदेश झाला. आदेश अंतरिम अर्जावरचा असला, तरी त्यातील कसोटी पुढे देशभर लागू झाली.

म्हणजे क्रमांकावर मालकी मिळाली काय? येथे बारकाईने पाहावयास हवे. तेवीस ह्या आकड्यावर कोणाचा हक्क नाही. हक्क आहे तो बाविसावा परिच्छेद येथे संपला आणि तेविसावा येथून सुरू झाला, ह्या निर्णयावर. मराठी वाचकाला ह्याचे उदाहरण घरातच सापडेल. तुकोबांच्या गाथेच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्यातून १८६९ ते १८७३ ह्या काळात पंडितांनी संपादिलेली गाथा दोन भागांत निघाली, पुढे इतरांच्या निघाल्या, आणि एकच अभंग एका गाथेत एका क्रमांकावर, तर दुसरीत भलत्याच क्रमांकावर आढळतो. अभंग तुकोबांचे, म्हणून सर्वांचे. पण कोणता अभंग कोणामागून यावा, कोणते प्रकरण कोठे पाडावे, हे संपादकाने ठरविले. अभ्यासक जेव्हा गाथेचा क्रमांक देतो तेव्हा तो नकळत ह्या संपादकाच्या बुद्धीचाच आधार घेत असतो. फरक एवढाच की, वारीत अभंग म्हणणाऱ्याला क्रमांकाची गरज पडत नाही, आणि न्यायालयात उभ्या राहणाऱ्या वकिलाला क्रमांकावाचून पाऊल टाकता येत नाही.

ह्याच कारणाने अमेरिकेत पानांच्या आकड्यांवरून दीर्घ लढाई झाली. तेथील वेस्ट कंपनीच्या निर्णयपत्रिका इतक्या रूढ होत्या की, न्यायालयात दाखला द्यावयाचा तो वेस्टच्या खंडाचा आणि पानाचाच. एका संगणकीय संस्थेने निकालांच्या मजकुरात वेस्टचे पान कोठे बदलते ते दाखविणारे आकडे घालण्याचे ठरविले, तेव्हा १९८६ मध्ये एका संघीय अपील न्यायालयाने वेस्टची बाजू घेतली. बारा वर्षांनी, १९९८ मध्ये, दुसऱ्या अपील न्यायालयाने उलट निर्णय दिला: पान कोठे बदलेल हे कागदाची लांबी आणि अक्षराचा आकार ठरवितात, त्यात संपादकाची बुद्धी नाही. हा भेद मार्मिक आहे. पानाचा आकडा यंत्र टाकते, परिच्छेदाचा आकडा माणूस टाकतो. ह्या दृष्टीने दिल्लीचा निकाल अमेरिकेतील दुसऱ्या निकालाशी विसंगत नाही. तरीही तो थोडा कठोर आहे, असे म्हणावयास जागा आहे. निकालातील मुद्दे जेथे स्वभावतःच बदलतात, तेथे दोन सुबुद्ध संपादक बहुधा एकाच जागी परिच्छेद पाडतील. अशा वेळी धाकट्याने थोरल्याची नक्कल केली की स्वतंत्र विचार केला, हे सिद्ध करण्याचा भार धाकट्यावर येऊन पडतो, आणि न्यायालयाचा खर्च थोरल्यालाच परवडतो.

आता ह्याहून चमत्कारिक प्रश्नाकडे वळावयास हवे. संगणकाला अक्षर कळत नाही. त्याला आकडाच कळतो. म्हणून जगातील लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला एकेक क्रमांक देण्यात आला आहे. देवनागरी ‘ल’ चा क्रमांक २३५४, ‘ख’ चा २३२६, ‘न’ चा २३४४ आणि औकाराच्या खुणेचा २३८०. ‘लखनौ’ हा शब्द यंत्रात राहतो तो ह्या चार आकड्यांच्या रूपाने. ते सलग लिहिले तर २३५४२३२६२३४४२३८० अशी सोळा अंकी संख्या होते. ह्याच रीतीने एखादी कादंबरी ही एक प्रचंड संख्या आहे, एखादे गाणे ही दुसरी, आणि चित्रपट ही आणखी अवाढव्य. मग कादंबरीवर लेखकाचा हक्क आहे म्हणताना त्या संख्येवरच त्याचा हक्क आहे, असे होत नाही काय? संख्या तर अनादी आहेत. लेखक जन्माला येण्यापूर्वीही ती संख्या होतीच.

हा पेच केवळ तर्काचा खेळ राहिला नाही. डीव्हीडीवरील चित्रपटांना घातलेले गणिती कुलूप उघडणारा एक छोटा आज्ञासंच १९९९ मध्ये प्रसृत झाला, आणि १९९८ च्या अमेरिकन कायद्याखाली त्याच्या प्रसारावर बंदी आली. २००१ मध्ये फिल कार्मडी नावाच्या गणितज्ञाने हा आज्ञासंच संख्येच्या रूपात मांडून अशी एक हजाराहून अधिक अंकांची मूळ संख्या शोधली की, जिचा उलगडा केला असता तोच आज्ञासंच बाहेर पडावा. मूळ संख्या म्हणजे जिला एक आणि ती स्वतः ह्यांखेरीज दुसऱ्या संख्येने भाग जात नाही ती. अशा संख्यांच्या याद्या गणितज्ञ कौतुकाने छापतात. आता त्यांतली एक बेकायदा ठरावी काय? पुढे २००७ च्या मे महिन्यात, म्हणजे दिल्लीच्या निकालाच्या सातच महिने आधी, नव्या पिढीच्या तबकड्यांच्या फुटलेल्या किल्लीवरून गदारोळ उठला. ती किल्ली म्हणजे दशमान पद्धतीत मांडल्यास एक ३८ अंकी संख्या. ती काढून टाकावी म्हणून वकिलांच्या नोटिसा निघाल्या, तसतशी ती अधिकच पसरली. लोकांनी ती सदऱ्यांवर छापली, गाण्यात गुंफली. दवंडी पिटून गुपित राखता येत नाही, एवढे तरी नोटिसा देणाऱ्यांना कळावयास हवे होते.

तथापि गडबडीत एक भेद झाकला गेला. ह्या संख्येवर आपला कॉपीराइट आहे, असे कायद्याच्या दृष्टीने कोणी म्हणत नव्हते. म्हणणे होते ते असे की, ती कुलूप फोडण्याचे हत्यार आहे आणि हत्यार वाटणे हा गुन्हा आहे. मालकी वेगळी आणि मनाई वेगळी. अफूवर कोणाचा कॉपीराइट नाही, तरी ती बाळगता येत नाही. भारतीय कायद्यात ह्यासंबंधीची तरतूद २०१२ च्या दुरुस्तीने आली. तिच्या ६५-अ ह्या कलमान्वये असे तांत्रिक कुलूप मोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. परंतु ते हक्कभंगाच्या हेतूने मोडलेले असले पाहिजे. संशोधनासाठी किंवा सुरक्षिततेच्या चाचणीसाठी केलेल्या कृतींना सवलत आहे. भारतीय कायदा येथे हेतूकडे पाहतो, आणि ते शहाणपणाचे आहे.

कादंबरीच्या संख्येचे कोडेही ह्याच बाजूने सुटते. कॉपीराइटचा कायदा वस्तूला कुंपण घालीत नाही; तो नकलेला अडवितो. दोन माणसांनी एकमेकांना न पाहता तंतोतंत एकच कविता लिहिली, तर दोघांचाही हक्क अबाधित राहतो. गणिताच्या वाटेने चालता चालता कोणी स्वतंत्रपणे एखाद्या कादंबरीच्या संख्येशी येऊन ठेपला, तर तो चोर ठरणार नाही. मात्र असे घडण्याचा संभव जवळजवळ शून्य असल्यामुळे, ती संख्या ज्याच्याजवळ सापडते त्याने ती कोठून आणली हे विचारणे न्यायाला प्राप्त होते. न्यायालय आकड्याकडे पाहत नाही, आकडा कोणत्या रस्त्याने आला तो रस्ता पाहते. लखनौच्या खटल्यातही प्रश्न हाच होता: परिच्छेद तेवीस हा वाचून, विचार करून आला, की तबकडीवर उतरून आला.

व्यापारचिन्हांच्या कायद्यात मात्र आकड्याला सरळसरळ संरक्षण मिळू शकते, हे जाता जाता सांगावयास हवे. १९९९ च्या कायद्यात चिन्हाच्या व्याख्येत अंकाचाही समावेश आहे. धुण्याच्या ‘५०१’ साबणाची वडी महाराष्ट्रातील कित्येक घरांत केवळ त्या आकड्यानेच मागितली जाई. पण तो हक्क साबणापुरता. पाचशे एक रुपये आहेर करणाऱ्याला कोणी अडविणार नाही. आणि आकडा सर्रास झाला तर तोही टिकत नाही. इंटेल कंपनीचा ‘३८६’ हा आकडा अमेरिकेत १९९१ मध्ये असाच सर्वसामान्य ठरला, आणि १९९३ मध्ये तिने आपल्या नव्या यंत्राला आकड्याऐवजी पेंटियम हे नाव दिले.

२००७ च्या निकालानंतर एक गोष्ट हळूहळू बदलत गेली. न्यायमूर्ती आता आपल्या निकालपत्रांत स्वतःच परिच्छेद पाडून त्यांना क्रमांक देतात, त्यामुळे नव्या निकालांपुरते संपादकाच्या ह्या हक्काचे क्षेत्र आकसले आहे. परंतु निकालाचा पत्ता, म्हणजे खंड आणि पान, खाजगी पत्रिकांचाच चालत होता. अशी कोणतीही पत्रिका विकत घेण्याची ऐपत नसलेला होतकरू वकील किंवा स्वतःचा दावा स्वतः चालविणारा शेतकरी ह्या पत्त्यापाशीच अडत असे. निकाल त्याचा, पण तो शोधण्याचा क्रमांक दुसऱ्याच्या पुस्तकातला. २०२३ च्या प्रारंभी सर्वोच्च न्यायालयाने आपल्या अधिकृत निवाडेसंग्रहातील सुमारे ३४ हजार निकाल संगणकाच्या जाळ्यावर विनामूल्य खुले केले, आणि त्याच सुमारास सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड ह्यांनी प्रत्येक निकालाला न्यायालयाचाच स्वतंत्र क्रमांक देण्याची पद्धत जाहीर केली. त्यात साल, सर्वोच्च न्यायालयाची आद्याक्षरे आणि अनुक्रमांक एवढेच असते. हा क्रमांक कोणत्याही प्रकाशकाच्या पानाला बांधलेला नाही. काही उच्च न्यायालयांनीही अशीच पद्धत स्वीकारली आहे, आणि निवडक निकालांची मराठीसह इतर भारतीय भाषांतील भाषांतरेही न्यायालय आता उपलब्ध करून देते.

जुनी सवय मात्र सहजासहजी सुटत नाही. परिच्छेदांच्या क्रमांकांवर किती हक्क आणि किती नाही हे ठरविणारा तो २००७ चा निकाल लखनौच्या त्याच पत्रिकेत, २००८ सालच्या पहिल्या खंडाच्या पहिल्या पानावर छापला गेला. आणि त्याचा दाखला द्यावयाचा झाला म्हणजे वकील आजही बहुधा तोच पत्ता सांगतात: दोन हजार आठ, एक एससीसी, एक.